काकवीच्या बाटल्या

आमच्या घरात गुळाला नुसतं गोड म्हटलेलं चालत नसे. उन्हातून कुणी पाहुणा आला, त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवलं, आणि तो बिचारा बोलायचं म्हणून बोलला, गूळ गोड आहे हो, की आबांनी त्याला धरलाच. "गोड तर समदाच असतोय, पावणं. कसा गोड हाय त्ये सांगा की." तो पुन्हा एक तुकडा तोंडात टाकायचा आणि वर आढ्याकडे बघत बसायचा. आई आतल्या दारातून आबांकडे डोळे वटारायची आणि मी तोंडावर पदर धरून हसायची.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात त्यांचं गुळाच्या अडतीचं दुकान होतं. शेतकरी गुऱ्हाळावरून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, गाड्यांत भरून आणायचे, आबा ते उतरवून घ्यायचे, सौद्याला मांडायचे आणि व्यापाऱ्यांना विकून द्यायचे. अशी दुकानं यार्डात पुष्कळ होती. पण आबांसारखी जीभ दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि हे मी लेक म्हणून सांगत नाही, अख्खा यार्ड सांगायचा. रव्याच्या पोटात सुरीचं टोक घालून ते वाटाण्याएवढा गूळ काढायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे. मग सांगायचे की ऊस निबर होता, चुना हात सैल सोडून टाकलाय, भेंडीचं पाणी कमी पडलं म्हणून मळी नीट निघाली नाही. हा पंचगंगेच्या काठचा, हा मुरगूडकडचा, आणि ह्या रानाला विहिरीचं खारं पाणी लागलंय. शेतकरी आधी वाद घालायचा आणि मग पटका मागे सारून डोकं खाजवायचा, कारण विहीर खारीच असायची.

अशा माणसाला मधुमेह झाला. हयात गुळात गेली आणि रोग लागला साखरेचा, असं ते स्वतःच चारचौघांत सांगून हसायचे. डॉक्टरांनी गूळ चाखायचा बंद करा म्हणून सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी की, चाखायचं आणि थुंकायचं. तेव्हापासून दुकानात गादीशेजारी एक पितळी पिकदाणी आली. गिळत नाही, असं ते आम्हाला सांगायचे, आणि आम्ही विश्वास ठेवल्यासारखं दाखवायचो.

मी त्यांची एकुलती एक लेक. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आमच्या भावकीत इतकं शिकलेली पहिलीच मुलगी. आबा मला "मास्तरीणबाई" म्हणायचे आणि यार्डात कुणी आलं की मुद्दाम मला बोलावून, चुना घातल्यावर उसाच्या रसातली मळी वर का येते ते सांगायला लावायचे. मी ते इंग्रजी शब्द पेरून सांगायची. माझं नाक तेव्हा फार वर होतं. घरात मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर ती आबांनीच करून दिली होती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आबांनी नवी वहाण घेतली. चांगली करकर वाजणारी. ती करंगळीशेजारच्या बोटाला लागली, पण मधुमेहाने पायाची जाणीवच कमी झालेली, त्यामुळे त्यांना दुखलं नाही. आठ-दहा दिवसांनी पाय चेपताना आईला वास आला. तोवर बोट काळं पडलं होतं.

शहरात एक सर्जन होते, त्यांचं छोटंसं नर्सिंग होम होतं. मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी पाय हातात घेऊन बघितला आणि बोट काढावं लागेल असं सरळ सांगितलं. पण साखर चढलेली असताना कापलं तर जखम भरत नाही, आणि जखम भरली नाही तर बोटामागे पाऊल जातं, पावलामागे पाय. म्हणून आधी साखर खाली आणायची आणि मग हत्यार लावायचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली. दिवाळीच्या पाडव्याला यार्डात नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो. पहिला रवा फोडून चाखायचा मान आबांचा होता, आणि तो त्यांनी पंचवीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. ते डॉक्टरांना म्हणाले, "बोट न्हेऊ दे की. पर पाडव्याला मला यार्डात उभा करा." डॉक्टर म्हणाले, करतो. पाडव्याला तीन आठवडे होते.

आता घरोघरी बोटाला सुई टोचून क्षणात साखरेचा आकडा सांगणारी यंत्रं आहेत. माझ्याही उशाशी एक आहे. तेव्हा रक्तातली साखर बघायची म्हणजे उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, शिरेतून सिरिंजभर रक्त द्यायचं आणि कागदासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं. ते एकदा केलं. साखर भरपूर वाढलेली निघाली. पुढचं रोजचं बघायचं ते लघवीवरून. परीक्षानळीत चमचाभर निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर विचारूच नका. त्या रंगावरून इन्सुलिनचं इंजेक्शन किती द्यायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. निळ्याला काहीच नाही, लालला सर्वांत जास्त.

ही तपासणी शिकवायला त्यांच्याकडची एक वयस्क सिस्टर उठली, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले की मला येतं, कॉलेजात केलेलं आहे. इंजेक्शन तेवढं तिने शिकवलं. घरी येताना मी परीक्षानळ्या, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली घेऊन आले. सोप्यातल्या कोनाड्यात माझी प्रयोगशाळा थाटली. आबा कौतुकाने बघत बसले होते.

आता बाटल्यांचं सांगायला हवं. माझी आई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातली नव्हती, पण काही गोष्टी तिला चालत नसत. ज्या भांड्यात लघवी धरली ते घासून का होईना पुन्हा घरात घ्यायचं, ही कल्पनाच तिला सोसवेना. रोज नवं भांडं कुठून आणणार? तिनेच उपाय काढला. शेतकरी गुळाबरोबर काकवीही आणायचे, नमुना म्हणून एखादी बाटली, प्रेमाने म्हणून दुसरी. जुन्या औषधांच्या, सरबताच्या, कसल्या कसल्या गडद हिरव्या आणि तपकिरी बाटल्या. आबांचा आजार वाढल्यावर तिने घरातली काकवी शेजारीपाजारी वाटून टाकली होती आणि रिकाम्या बाटल्या परसातल्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. वीस-पंचवीस तरी असतील. त्यातली एक रोज सकाळी ती नळाखाली धरायची, दोनदा खळखळवायची आणि न्हाणीत ठेवायची. दिवसभर आबांनी तीच रिकामी करून पुन्हा पुन्हा वापरायची, संध्याकाळची तपासणी झाली की ती परसातल्या खड्ड्यात टाकून द्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. मला ही युक्ती फार आवडली. मी आईला शाबासकीसुद्धा दिली.

ज्यांनी काकवी बाटलीतून ओतून घेतली आहे त्यांना ठाऊक असेल, ती कधी पूर्ण निघत नाही. जुनी झाली की बुडाला साखर धरते आणि तो थर थंड पाण्याने दोनदा खळखळवून जात नाही. गडद काचेतून तो दिसतही नाही. आणि मी काय करायची, तर ड्रॉपर थेट बुडापर्यंत घालून आठ थेंब उचलायची.

पहिल्या दिवशी सकाळी लाल आला. संध्याकाळी हिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल, संध्याकाळी हिरवट पिवळा. मी वहीत दोन रंगांच्या पेन्सिलींनी नोंद करत होते. चार दिवसांनी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. उपाशीपोटी जास्त आणि दिवसभर खाऊनपिऊन कमी, हे त्यांनाही चमत्कारिक वाटलं. त्यांनी विचारलं तेव्हा गप्प बसायचं की नाही? पण मी त्यांना उपपत्ती सांगितली. रात्रभर शरीर साखर साठवत असेल, पहाटे ती बाहेर पडत असेल, असं काहीतरी. मी कॉलेजातलं अर्धंमुर्धं आठवून बोलत होते. तसं होतं कधीकधी, असं ते म्हणाले आणि इन्सुलिनचं प्रमाण वाढवून दिलं. चार दिवसांनी आणखी वाढवलं. सकाळचा लाल काही हटेना.

मधल्या काळात आबा बदलत चालले होते, आणि ते मी बघत होते. बघत होते हेच तर मला जाळतं. सकाळी इंजेक्शन दिलं की तासा-दीड तासाने त्यांना घाम फुटायचा. कपाळावर, मानेवर, सदरा पाठीला चिकटायचा. हात थरथरायचे. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस आईवर ओरडायचा. एकदा चहाची बशी भिंतीवर फेकली. आणि मग केविलवाणं तोंड करून गुळाचा खडा मागायचे. कधी नाही ते असं मागायचे, लहान मुलासारखे. मी म्हणायची, ही जिभेची जुनी सवय आहे, नळी लाल दाखवते आहे आणि ह्यांना गूळ हवा. मी घरातला सगळा गूळ कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आईला राहवत नव्हतं. ती एका सकाळी माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "खडाभर दिला तर काय व्हतंय गं? जीव मागतोय त्येंचा." मी परीक्षानळी तिच्या डोळ्यांसमोर धरली. विटेसारखा लाल रंग होता. मी म्हणाले, "आई, तुला ह्यातलं काही कळत नाही."

ती चुलीपाशी जाऊन बसली. पुढे कितीतरी वर्षं तिने मला ह्या वाक्याची आठवण करून दिली नाही, आणि मला ते एकही दिवस विसरता आलं नाही.

पाडव्याला नऊ-दहा दिवस उरले. बोटाचा काळेपणा पावलाकडे सरकायला लागला होता. डॉक्टर म्हणाले की आता थांबण्यात अर्थ नाही, साखर जराशी जास्त असली तरी बोट काढून टाकू, नाहीतर पाऊल जाईल. मग म्हणाले की त्याआधी रक्त एकदा तपासून घेतलेलं बरं, उद्या सकाळी लॅबमध्ये नेऊन आणाल का? मी म्हणाले, "मी रोज दोनदा तपासतेच आहे की. वही आहे ना." त्यांनी वही पुन्हा चाळली. अक्षर सुंदर होतं, रंग नीट भरलेले होते. ते थकलेले दिसत होते, बाहेर पेशंटची रांग होती. बरं, म्हणाले. तेव्हा मी एवढं बोलले नसते तर संध्याकाळपर्यंत लॅबचा कागद हातात आला असता आणि सगळं उघड झालं असतं. दोष त्यांना द्यावा असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी विचारलं होतं.

आदल्या संध्याकाळी आबांना दाखल केलं. तेव्हा नर्सिंग होममध्ये सगळं घरून न्यायचं असायचं, अंथरूण, तांब्या, थर्मास. आईने त्यात एक धुतलेली बाटलीही ठेवली. सकाळी त्याच बाटलीतले आठ थेंब मी पाळीवरच्या तरुण सिस्टरच्या टेबलावर उकळले. लाल. तिने डॉक्टरांचा कागद बघितला आणि लालचं इंजेक्शन दिलं. ऑपरेशन नऊला होतं आणि पोटात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नव्हता. पण नऊच्या सुमारास कुणाला तरी अपघात होऊन आणलं, आणि आमचा नंबर मागे गेला. दहा वाजले, अकरा वाजले.

आबा खाटेवर बसून होते. घाम निथळत होता. आई पदराने पुसत होती आणि तो पुन्हा येत होता. मध्येच त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. ती त्यांची सवय होती, नमुन्याच्या गुळाच्या पुड्या त्यांच्या सगळ्या खिशांत असायच्या, धोब्याकडे कपडे देताना आई त्या काढून ठेवायची. ही कशी राहिली कोण जाणे. बोटं इतकी थरथरत होती की पुडी उलगडत नव्हती. मी उठले आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी सोडली नाही, मला बोटं उघडावी लागली.

"पोरी, एक खडा दे की," ते म्हणाले. "डोळ्यांम्होरं अंधारी येतीया."

मास्तरीणबाई म्हणाले नाहीत. पोरी म्हणाले. मी म्हणाले की ऑपरेशन झालं की पाडव्याला हवा तेवढा चाखा, आता नाही. आणि ती पुडी माझ्या पर्समध्ये टाकली. थोड्या वेळाने ते मला काहीतरी वेडंवाकडं बोलले, कुणा हमालाच्या नावाने हाक मारली, आणि मग आडवे होऊन गप्प पडले. मला सुटल्यासारखं वाटलं. मी आईला म्हणाले, बघ, झोप लागली.

बाराच्या पुढे त्यांना आत नेलं. आधी ग्लानी यायचं इंजेक्शन दिलेलंच होतं, त्यामुळे ते इतके निपचित का आहेत हे कुणी विचारलं नाही. सकाळचा लाल रंग बघून साखरेचं सलाईन न लावता साधं लावलं होतं. बोट निघालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की छान झालं, पाऊल वाचलं. आईने तिथूनच अंबाबाईच्या देवळाच्या दिशेने हात जोडले.

दोन वाजले तरी आबा जागे झाले नाहीत. तीन वाजले. भूल उतरायला वेळ लागतो म्हणून सगळे सांगत होते. चारच्या सुमारास पाळी बदलून ती वयस्क सिस्टर आली. तिने आबांच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याखाली घातला, बोटं वर करून बघितली, ओली होती. तिने मला विचारलं की सकाळी किती इंजेक्शन दिलंय आणि तेव्हापासून पोटात काय गेलंय. मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला. ती डॉक्टरांना बोलवायला धावली. रक्त काढून लॅबकडे पाठवलं, आणि कागदाची वाट न बघता त्यांनी मोठ्या सिरिंजने शिरेत साखर सोडली. आबांच्या पापण्या हलल्या. दुसरी सिरिंज दिल्यावर डोळे उघडले. आई रडायला लागली. मीही रडले, पण आनंदाने, कारण आता सगळं ठीक होईल असं मला वाटत होतं.

संध्याकाळी कागद आला. साखर शिरेत सोडण्याआधीच्या रक्तातली, आणि ती इतकी कमी होती की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. इन्सुलिन साखर उतरवतं, पण फार उतरली तर मेंदू उपाशी राहतो, आणि आबांचा मेंदू कितीतरी तास उपाशी राहिला, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सकाळी लाल होती ना? मग इतकी खाली गेली कशी?" मी म्हणाले, लालच होती.

आबा घरी आले. साखर आता डॉक्टर लॅबमधूनच तपासून घ्यायचे. जखम पंधरा दिवसांत भरून आली, इतकी सुरेख की डॉक्टर इतरांना दाखवायचे. पाडव्याला त्यांना यार्डात न्यायचा प्रश्नच उरला नव्हता. ते चालू शकत होते, जेवत होते, हाक मारली की बघत होते. आईला ओळखायचे. मला कधी ओळखायचे, कधी कुणाची पाहुणी समजायचे आणि बसा म्हणायचे. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. दिवसभर सोप्यात बसून पायाकडे बघायचे. दुकान धाकट्या काकांनी हाती घेतलं. त्या पाडव्याला पहिला रवा काकांनी फोडला, आणि घरी येऊन ते न जेवताच निघून गेले.

त्या प्रश्नाने मला सोडलं नाही. लाल होती तर खाली गेली कशी? संक्रांत झाल्यावर एका दुपारी आई तिळगूळ द्यायला म्हणून शेजारी गेली होती. आबा झोपले होते. मी परसात गेले, कट्ट्यावर सात-आठ बाटल्या उरल्या होत्या. त्यातली एक घेतली, आई धुवायची तशीच नळाखाली दोनदा खळखळवली, आणि तिच्यात नळाचं पाणी भरलं. नुसतं पाणी. ड्रॉपर बुडाला घातला, आठ थेंब घेतले, दिवा पेटवला. नळी हलवत असताना मला माझाच राग येत होता की हे काय खुळ्यासारखं चाललंय. निळं हिरवं झालं. मग पिवळं. मग नारिंगी होऊन नळीच्या तळाशी गाळ बसायला लागला.

आबांची थोडीफार खरी साखर आणि वर ही काकवी. सकाळी नव्या बाटलीत थर जास्त, म्हणून लाल. संध्याकाळपर्यंत तो धुऊन जायचा, म्हणून हिरवा. माझ्या वहीत ते रोज लिहिलेलं होतं, माझ्याच हाताने, रंगीत पेन्सिलींनी. काचेची भांडी आधी स्वच्छ करून घ्यावीत आणि नुसत्या पाण्यावर प्रयोग करून बघावा, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसले.

मी कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. आईला सांगणं तर शक्यच नव्हतं. बाटल्या तिने काढून दिल्या होत्या. तिने सगळं दोषाचं ओझं स्वतःकडे घेतलं असतं, आणि मी तिला कितीही समजावलं असतं की चूक माझी, तरी तिने ऐकलं नसतं. ती गेली तेव्हा देवाची मर्जी म्हणूनच गेली. आईला वाचवायला गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. मला लाज वाटत होती. सगळ्या भावकीतली शिकलेली मुलगी मी.

पुढच्या वर्षीचा पाडवा आला. सौदा आटोपून काका आले, पहिल्या रव्यातला मुठीएवढा तुकडा फडक्यात बांधून आईच्या हातात दिला आणि आबांच्या पाया पडून गेले. आईने देवापुढे तो ठेवला आणि ती ओवाळणीची तयारी करायला आत गेली. आबा सोप्यात त्यांच्या जागेवर बसले होते. नवा सदरा घातला होता, आईने दाढी करवून घेतली होती, अगदी पूर्वीसारखे दिसत होते. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. बाटल्या, बुडाचा थर, लॅबला नको म्हणाले ते, पर्समध्ये टाकलेली पुडी. ती पुडी अजून माझ्या ट्रंकेत आहे हेसुद्धा सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तो ते कुणाच्याही डोक्यावर ठेवायचे.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून. काय हवंय ते मला कळलं. मी उठून देवापुढचा गूळ आणला. सुरीचं टोक घातलं आणि वाटाण्याएवढा तुकडा काढून, ते काढायचे तसा, त्यांच्या तळव्यावर ठेवला. आबांनी तो जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मी मनात म्हणत होते, चुना म्हणा, मुरगूड म्हणा, खारी विहीर म्हणा, काहीही म्हणा आबा.

बराच वेळ तो तुकडा त्यांच्या तोंडात विरघळत राहिला. थुंकायचं त्यांना आठवलं नाही, त्यांनी तो गिळला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसले, घरी आलेल्या पाहुणीकडे बघून हसावं तसे.

"गोड हाय," ते म्हणाले.